मावशींची पाण्याची बाटली

दिंडोशीला काचेचे मणी बनवायला शिकायला जाताना त्याच वर्गाला येणाऱ्या वर्सोव्याच्या एक मासळीवाल्या मावशी बसमध्ये माझी जागा धरायच्या, त्यासाठी सगळ्यांशी भांडायच्याही. मासळीवर सारखं पाणी शिंपडायची त्यांना जन्माची सवय. वर्गात ज्योतीवरून लालबुंद मणी उतरला, की त्यांचा हात आपोआप पाण्याच्या बाटलीकडे जायचा. पाणी पडताच मणी टचकन तडकायचा. "वाट लागली गो!" म्हणून स्वतःच खदखदून हसायच्या.

शेवटच्या दिवशी मात्र मणी गार होईपर्यंत त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. निळा मणी शाबूत राहिला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी तो रुमालात बांधला आणि बाटली माझ्याकडे दिली.

"अहो, गार झालाय आता," मी म्हटलं.

"असू दे. घर येईपर्यंत तूच धर. माझ्या हाताचा काय भरोसा नाय."