उस्ता मिरसोबीरचा अक्रोडी पाळणा

मिरसोबीर मेला, तेव्हा मर्गिलान शहरातल्या आमच्या सुतार आळीत सगळे त्याच्याबद्दल फार गोड बोलले. मी गप्प बसलो. तेवढंच मला जन्मभर जमलं. पण ते गोड बोलणं अजून घशात अडकलंय, म्हणून लिहितो.

हात चांगला होता, कबूल; उगाच नाही लोक त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. दारावरची नक्षी त्याच्यासारखी कुणी कोरत नसे. पण स्वतःला सोडून बाकीचे सगळे त्याच्या लेखी लाकूडफोडे. मी शेजारच्या दुकानात पाळणे करायचो. मला तो कधी नावाने हाक मारीत नसे.

एकदा होजर आपा त्याच्याकडे आली. पहिल्या नातवंडाचा पाळणा मुलीच्या माहेरून जातो, आणि तिच्या लेकीचं सासर तिखट. लग्नातल्या रजयांवरून विहिणीने वर्षभर टोमणे मारले होते. आता पाळण्यात तरी खोट निघू नये, एवढंच आपाला हवं होतं.

"उस्ता, तुतीचा करा, हलकासा. आणि न्यायच्या आधी मला दाखवा."

"तुतीचे हा करतो," माझ्याकडे हनुवटी उडवून तो म्हणाला. "मी अक्रोडाचा करीन. आणि अर्धं काम मी बायकांना दाखवत नसतो."

चार महिने तो कोरत बसला. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या वेली. तळावरसुद्धा सोळा टोकांची चांदणी, जी गादीखाली कुणाला दिसणार नव्हती. ती पाहून मी म्हटलं, "उस्ता, तळाला..."

"तळाला काय? पोटात दुखतंय का?"

मी पुन्हा रंधा उचलला.

बाळाला पाळण्यात घालायच्या दिवशी पाळणा रेशमात गुंडाळून लेकीच्या सासरी गेला. बायका आत, आम्ही पुरुष अंगणात पलावाच्या परातीभोवती. आतून आधी हसणं ऐकू आलं, मग विहीणबाई मातीचं मडकं घेऊन बाहेर आल्या.

"उस्ता, पोर पट्ट्यांनी बांधून निजवलं. आता हे कुठे लावू? तुमच्या टोपीखाली?"

तळाला भोकच नव्हतं. तान्हं बांधलेलं असतं, त्याचं सगळं खालच्या मडक्यात जातं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आपा पांढरीफटक पडली. "उस्ता, पाडा भोक. आत्ताच्या आत्ता."

"चांदणीत करवत घालू? पाळणा भिंतीशी ठेवा, लोक बघतील. पोराला दुसरा आणा."

सगळे हसले. तो हसला नाही. बाळानेच आपली सोय बघावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मी दुकानातून गिरमिट आणि बारीक करवत आणली. सोळातली चार टोकं वाचली. तो पाठ फिरवून पलाव खात राहिला. विहीणबाईंनी मडकं बसवून पाहिलं आणि आपाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माहेरच्या वस्तूला आमच्याच अंगणात डागडुजी."

निघताना आपा दारात माझ्यापाशी थांबली.

"तुम्ही शेजारीच बसता ना? चार महिन्यांत दिसलं नाही?"

"दिसलं होतं, आपा."

तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि चालू लागली. त्यानंतर आमच्या आळीत तिने पाऊल टाकलं नाही.