आत्यांच्या हातचं तेल

एका जागी सात-आठ वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. कुणी ते जमवायला बसत नाही. मी आणि गंगू अजूनही भेटलो की चहाचा पहिला घोट घेईपर्यंत "तुला ते आठवतं का गं" सुरू होतं, आणि कप रिकामा होईपर्यंत दोघी गप्प झालेल्या असतो. आमच्या किश्श्यांची ही एक खोडच आहे. सुरुवातीला हसू येतं, मग येत नाही.

जागा मालाडची. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. स्टेशनवरून खाडीच्या बाजूला निघालं की वैद्यकाकांचं बैठं घर लागायचं. पुढे दुकान, मधे पडदा, मागे तेल कढवायची पडवी. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ. त्या पाण्याने न्हायलं की केसांचा नुसता काथ्या व्हायचा. त्यामुळे काकांचं माक्याचं तेल जोरात खपायचं. खोबरेलात माका, जास्वंद, ब्राह्मी, आवळा, सगळा झाडपाला, दुसरं काही नाही. मी बाटल्या भरायची, बुचं मारायची, कागद चिकटवायची. मालवणकडची गंगू पाट्यावर माका वाटायची. आणि तेल करायच्या त्या आत्या.

आत्या म्हणजे काकांच्या धाकट्या बहीण, दुर्गाबाई. सतराव्या वर्षी नवरा गेला, त्याच आठवड्यात केस उतरवले. तेव्हापासून लाल आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, आणि कपाळापर्यंत ओढलेला पदर. मुंबईत ही चाल तोवर जवळजवळ उठली होती. आमच्या पडवीत उठली नव्हती. साऱ्या उपनगराच्या केसांना तेल पुरवणाऱ्या बाईच्या डोक्यावर केस नाही, हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये, अशी काकांची सक्त ताकीद होती. म्हणून आत्यांना पडद्याच्या पुढे यायची बंदी. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, पण तोंड उघडायची छाती नव्हती.

*

तेल कढत असताना पडवीत बोलायचं नाही, हा आत्यांचा नियम. पाला घातला की कढईत तडतड सुरू होते. पाल्यातलं पाणी आटत जातं, तशी ती बारीक होत जाते, आणि मग थांबते. ती थांबली की लगेच कढई उतरवायची. आधी उतरवली तर तेल नासतं, उशीर झाला तर करपतं. आत्या डोळे मिटून बसायच्या आणि एकदम म्हणायच्या, "उतरवा." आम्ही धावायचो.

एकदा त्या तापाने पडल्या. बोरीवलीच्या एका दुकानदाराची मोठी मागणी होती, तेव्हा काका स्वतः चुलीसमोर बसले. मांडीवर पोथी, हातात घड्याळ. पोथीबरहुकूम सगळं झालं, मी बाटल्या भरल्या, माल गेला. पंधरा दिवसांत सगळा परत आला. बुचाखाली बुरशी, आणि वास असा की गंगूने नाकाला पदर लावला.

आत्यांनी एक बाटली हुंगली. "पाणी राहिलंय, दादा," त्या म्हणाल्या. "पोथी वाचलीस, तेल ऐकलं नाहीस."

 काकांनी बोरीवलीला चिठ्ठी धाडली, की घरातल्या बाईमाणसाच्या हातून चूक झाली, पुन्हा होणार नाही. ती चिठ्ठी मीच नेऊन दिली. आत काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

*

घाटकोपरहून एक शिक्षिका आल्या. केस इतके कोरडे झाले होते की कापून टाकायचं ठरवलं होतं, पण आमच्या तीन बाटल्यांनी वाचवले, असं सांगत होत्या. आनंदाने आल्या होत्या. म्हणाल्या, ज्या हातांनी हे तेल केलं त्या हातांना एकदा नमस्कार करायचाय.

काकांनी आत हाक मारली आणि काकू बाहेर आल्या. काकूंचे केस गुडघ्यापर्यंत, त्यात तेलाचा वाटा फारसा नव्हता, माहेरचीच देणगी. स्वभावाने गरीब, पण तेलातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिक्षिकेने त्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, तेल लावायचं नेमकं कसं?

काकू म्हणाल्या, भरपूर.

आता पुढे काय, म्हणून मी खाली बघितलं. तेवढ्यात पडद्यामागून आत्यांचा दबका आवाज आला आणि काकू शब्द न् शब्द मोठ्याने म्हणू लागल्या. कोमट करून लावावं. बोटांच्या टोकांनी, मुळांशी. खसखसा चोळू नये, कोरडा केस तुटतो. टोकांना शेवटी नुसता हात फिरवावा. रात्रभर ठेवून सकाळी शिकेकाईने धुवावं. शिक्षिका वहीत लिहून घेत होत्या.

"आणि जरा पडद्याच्या समोर सरक, माझे पाय दिसतायत," असंही काकू तितक्याच मोठ्याने म्हणाल्या.

गंगू आणि मी मागे जाऊन पोट धरून हसलो. आत्याही हसल्या. मग त्यांनी पाय आलवणात ओढून घेतले आणि कढईकडे वळून बसल्या. त्यांच्या वाट्याचा नमस्कार राहूनच गेला.

*

आवळे बोरीवलीच्या जंगलातून यायचे. सोमी नावाची बाई पाटी डोक्यावर घेऊन यायची आणि थेट मागच्या दारी बसायची. तिचे केस उन्हाने तांबूस झालेले, कोरडे, गाठी पडलेले. एका दुपारी आत्यांना ते बघवेना. त्यांनी तिला उंबऱ्यावर पाठमोरी बसवलं आणि तासभर बसून एकेक गाठ तेलाने सोडवली. एक केस तोडला नाही. घरात त्या शिवाशिव पाळायच्या, पण त्या दिवशी ते कुठे गेलं कोण जाणे.

सोमीला सुख झालं असावं. तिने मान मागे करून आत्यांकडे निरखून बघितलं. आमच्यापैकी कुणीही आठ वर्षांत विचारलं नसतं ते तिने सरळ विचारलं.

"तुला नाय का गं केस?"

"होते," आत्या म्हणाल्या, आणि पुढची गाठ सोडवायला घेतली.

*

दर पंधरा दिवसांनी मागच्या दारी न्हावी यायचा. म्हातारा, अबोल माणूस. मोरीपाशी बसून दहा मिनिटांत काम उरकायचा. आत्या त्याच्या बायकोसाठी आठवणीने बाटली द्यायच्या. एकदा त्याला म्हणाल्या, आपण दोघं केसांवरच जगतो बघ. तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि एका चैत्रात तो मुलाकडे गावी गेला तो परत आला नाही.

काका दुसरा बघतो बघतो म्हणाले आणि विसरले. महिना गेला, दोन गेले. पावसाळा उलटला. आत्यांचा पदर थोडा उंच दिसायला लागला. गंगूने मला कोपराने ढोसलं, पण आम्ही दोघी गप्प राहिलो. बोललं तर त्या घाबरून न्हाव्याला बोलावतील असं वाटायचं.

दिवाळीच्या आधी तेलाचा शेवटचा घाणा उतरला. काका वसईला गेले होते. गंगूने वाटीत कोमट तेल घेतलं आणि आत्यांच्या मागे जाऊन बसली.

"आत्यानू, गप रवा. आज मी घालतंय तेल."

आत्यांनी पदर घट्ट धरला. मग सोडला. चार बोटं वाढलेले पांढरे केस, राठ, कोरडे, कशाचा स्पर्शच नसलेले. गंगूने आत्यांनीच शिकवलं होतं तसं लावलं, बोटांच्या टोकांनी, मुळांशी. बराच वेळ आत्यांनी डोळे उघडले नाहीत.

"कोमट, तरी डोक्याला गार लागतं," त्या म्हणाल्या. "मी लोकांना सांगत होते, गार लागतं म्हणून. ऐकीव होतं सगळं."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. केस उतरवले त्या दिवशी त्या न्हाव्यापुढे बसत नव्हत्या. रडल्या, पळाल्या, कोठीत लपल्या. वडिलांनी दादाला सांगितलं, आणि दादाने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. तेव्हा तोही एकोणीस वर्षांचाच होता, असं त्याच पुढे म्हणाल्या. पण त्याने हात सोडले नाहीत. मला रडू आलं. गंगूही रडत होती. आत्या रडत नव्हत्या. त्यांनी तेलाच्या वाटीवर झाकण ठेवायला सांगितलं.

*

आता शेवटचा. हा सांगताना गंगू नेहमी मधेच उठून जाते, म्हणून मीच सांगते.

माघात काकांचं आत्यांच्या केसांकडे लक्ष गेलं. तोवर ते मानेपर्यंत आले होते, आणि आम्ही आठवड्याला तेल लावत असल्यामुळे चमकत होते. आम्हाला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. काका रागावले नाहीत. उलट दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की जग बदललं आहे, आता न्हावी नको, दुर्गीने दुकानात पुढे बसावं. या वयात असे केस म्हणजे आपल्या तेलाची चालतीबोलती जाहिरात. फोटोवाला बोलावतो, मोठा फोटो काढून दुकानात लावू.

मी तर आनंदाने बाटली पाडली. वाटलं, सुटल्या आत्या. काकूंनी पेटीतून स्वतःची मोतिया रंगाची साडी काढून दिली. आत्यांनी ती घेतली, घडी मांडीवर ठेवली आणि एवढंच विचारलं, "फोटोवाला कधी येणार?"

रविवारी नऊला, काका म्हणाले.

रविवारी आठ वाजता स्टेशनजवळचा एक न्हावी हत्यारांची पेटी घेऊन आला. आत्यांनीच गंगूकरवी निरोप दिला होता. गंगूला वाटलं होतं काकांची दाढी असेल. तो रिवाजाप्रमाणे मागच्या दाराकडे निघाला, तेव्हा आत्या पडदा बाजूला करून दुकानात आल्या आणि दुकानातून पुढच्या पायरीवर. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना उन्हात बघितलं. अंगावर आलवणच होतं. त्या पायरीवर बसल्या, पदर खाली घेतला.

"मागे नको," त्या न्हाव्याला म्हणाल्या. "इथे बस. इथे उजेड आहे."

रस्त्यावरचे लोक थांबले. दोन गिऱ्हाइकं बाटल्या हातात धरून तशीच उभी राहिली. न्हाव्याने पाण्याचा हात फिरवला आणि वस्तरा लावला. काका आतून धावत आले.

"दुर्गे, काय चालवलंयस हे? ऊठ. आत चल."

त्यांनी उठवायला आत्यांचा हात धरला. आत्यांनी वर बघितलं नाही. आपल्या मनगटाभोवतीच्या त्या हाताकडे बघत राहिल्या. न्हाव्याचा वस्तरा थांबला. मग काकांनीच हात सोडला. ते आत गेले आणि दिवसभर बाहेर आले नाहीत.

न्हाव्याने काम पुरं केलं. पायरीवर पांढरे केस पडले होते, तेल लावलेले. गंगू ते गोळा करायला वाकली, तर आत्यांनी मानेनेच नको म्हटलं.

बरोबर नऊला फोटोवाला आला. कोवळा पोरगा, खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं, काखेत काळं फडकं. त्याने गर्दी बघितली, काकूंचे गुडघ्यापर्यंतचे केस बघितले आणि तिकाटणं त्यांच्यासमोर मांडलं. मग विचारलं, फोटो ह्यांचाच काढायचा ना?

"माझा काढ, बाळा," आत्या म्हणाल्या. "तेल मी करते."