एका कवळीचा पंचनामा

वकिलीची सनद घेऊन मला चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. नांदेडच्या कोर्टात स्वतःची कामं कमी आणि सिनियरच्या तारखा जास्त, असे ते दिवस. अशात कोर्टाने मला एका प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याच्या, अर्जात कमिशनर नेमलं. काम साधं होतं. मयत बाईंच्या घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी करायची, प्रत्येकीची किंमत ठरवायची आणि अहवाल द्यायचा. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

बाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी एवढं त्यांचं घर. शेवटची अकरा वर्षं उमरीकडची एक विधवा बाई त्यांच्याजवळ राहिली. तिनेच त्यांचा स्वयंपाक केला, तिनेच हगणं-मुतणं काढलं. सिस्टरने मृत्युपत्र करून घर आणि घरातलं सगळं तिच्या नावे केलं होतं. तिने कोर्टात अर्ज केला, तेव्हा सिस्टरच्या चाकूरच्या दोन भाच्यांनी ते मृत्युपत्र खोटं म्हणून हरकत घेतली. अंत्यविधी झाला त्याच दिवशी त्यांनी त्या बाईला एका पिशवीनिशी बाहेर काढून घराला कुलूप लावलं होतं. त्याला आता तीन महिने झाले होते.

पंचनाम्याच्या सकाळी आम्ही दारात जमलो. मी, किंमत सांगायला आणलेला एक म्हातारा सराफ, थोरला भाचा, त्याची बायको, त्यांचा वकील, आणि एका बाजूला पिशवी छातीशी धरून उभी असलेली ती बाई. तिला मी मावशी म्हणालो. तिचा वकील दहा मिनिटं थांबला आणि दुसऱ्या कोर्टात पुकारा आहे म्हणून निघून गेला.

कुलूप उघडलं आणि वास अंगावर आला. फ्रीजचा. बिल कोण भरत बसेल म्हणून भाच्यांनी लाइट तुटू दिली होती. मी म्हणालो, फ्रीज बंद आहे एवढं लिहितो, उघडायला नको. भाचा ऐकेना. "आत काय ठिवलंय कुणाला ठावं? उघडा, उघडा." उघडला. भिजवलेली कणीक काळी होऊन डब्याबाहेर आली होती, दुधाच्या पिशव्या फुगून फुटल्या होत्या आणि दारातल्या कप्प्यात अळ्यांची वळवळ चालली होती. सराफ तोंड दाबून न्हाणीकडे पळाला. भाच्याच्या बायकोने पदर नाकाला लावला, पण दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर चित्रण चालूच ठेवलं. मग पदर सोडून तिने चमच्याने ती कणीक ढवळून पाहिली. सोनं लपवतात म्हणे पिठात.

मग सबंध घर तसंच ढवळलं गेलं. यादी माझ्या हातात होती, पण काम त्यांच्या हाताने चाललं होतं. ज्वारीची कोठी जमिनीवर उपडी केली. सिस्टर ज्या गादीवर सहा महिने पडून होत्या, तिच्यावर पिवळे डाग होते. भाच्याने ती चाकूने फाडली आणि कोपरापर्यंत हात आत घालून कापूस बाहेर ओढला. त्याच हाताने थोड्या वेळाने त्याने खिशातली सुपारी काढून तोंडात टाकली. त्याची बायको पातळं मोजत होती आणि प्रत्येक पातळाचा वास घेऊन बाजूला टाकत होती. "हे न्हेसलेलं हाय. हे कोरं हाय. कोरं येगळं लिवा."

दोन जुन्या गोधड्या निघाल्या तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलली.

"साहेब, त्या माझ्या हायेत. माझ्या आईनं शिवल्यात."

"घरात हाय ते समदं आत्याचं," भाचा म्हणाला.

मी त्याच्या वकिलाकडे पाहिलं. तो वयाने मोठा, माझ्या सिनियरच्या बैठकीतला. "लिहून टाका हो," तो म्हणाला. "पुढचं कोर्ट बघेल." मी लिहिल्या. गोधड्या, जुन्या, दोन नग.

सोनं काही निघालं नाही. कानातली कुडी तेवढी एका डबीत होती. बाकीचं सिस्टरने आजारपणात मोडलं असणार, हे कुणालाही कळत होतं. भाच्याला ते पटत नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "हिनंच खाल्लं," असं तो मावशीकडे न बघता दोनदा म्हणाला.

तेवढ्यात मावशी पुढे आली. पिशवीतून तिने एक पांढरा रुमाल काढला आणि माझ्यासमोर टेबलावर उलगडला. आत दातांची कवळी होती. वरच्या रांगेत एक सोन्याचा दात.

"तुमच्या नोटिशीत लिवलं होतं न्हवं साहेब, त्यांची काई वस्तू तुमच्यापाशी असल तर घेऊन या म्हून. म्हून आणली. शेवटच्या दिशी त्यांच्या तोंडातून म्याच काढली, घास लागू ने म्हून. मग समदी घाई झाली अन् घालायची राहिली. गंगेत सोडायची होती, पर सोडवंना झाली."

क्षणभर मला वाटलं, आता तरी ही माणसं खाली बघतील.

"बगा!" भाचा ओरडला. "मेलेल्या माणसाच्या तोंडातलं सोनं! रेकॉर्डिंग चालू हाय ना गं?"

"हाव, चालू हाय," बायको म्हणाली.

सराफाने कवळी उचलली, दात कसोटीवर घासला. "सोनंच आहे. पण पातळ पत्रा आहे, आत काही नाही." त्याने कवळी काट्यात ठेवायला घेतली, तर भाच्याने त्याचा हात धरला. "त्या गुलाबी प्लास्टिकचं वजन कशाला करायलाव? दात काढा." सराफाने माझ्याकडे पाहिलं. मी यादीकडे नजर वळवली. नाही म्हणायचा अधिकार मला होता. कमिशनर मी होतो. सराफाने पिशवीतून बारीक पक्कड काढली. प्लास्टिक मोडल्याचा आवाज झाला, आणि मावशीने स्वतःच्या गालावर हात ठेवला, जणू तिलाच लागलं होतं. तुटलेल्या कवळीवर वाळलेला भाताचा एक कण चिकटलेला होता. तीन महिने तिने ती धुतलीही नव्हती.

आता ते लिहायची वेळ आली. मी लिहायला लागलो, 'अर्जदाराने स्वतः हजर केली'. भाच्यांच्या वकिलाने मान वाकडी करून वाचलं. "असं कशाला? अर्जदाराकडे मिळून आली, असं लिहा. कमिशनरने बाजू घ्यायची नसते." उन्हं डोक्यावर आली होती, फ्रीजचा वास घरभर पसरला होता, आणि मला फक्त त्या घरातून बाहेर पडायचं होतं. मी खोडून लिहिलं, 'मिळून आली'. भराभर वाचून दाखवलं. मावशीने सही केली. तिला सहीपुरतं लिहिता येत होतं. दोन शब्दांतला फरक तिला कळला नाही. मला कळत होता.

घरी येऊन दोनदा आंघोळ केली. आईने विचारलं काय झालं, तर म्हणालो, नालीजवळ काम होतं.

पुढे सात-आठ महिन्यांनी पुरावा सुरू झाला आणि मला अहवालावर साक्षीला बोलावलं. भाच्यांच्या वकिलाने विचारलं, "ही सोन्याचा दात असलेली कवळी अर्जदार बाईकडे मिळून आली, हे खरं आहे का?"

"खरं आहे."

"म्हणजे मयत वारल्यापासून ती तिच्याच ताब्यात होती?"

"हो."

तो वळून बसला. मावशीच्या वकिलाने काहीच विचारलं नाही. तो कागद चाळत होता. मागच्या बाकावर मावशी बसली होती. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती ऐकत होती, मी काय बोलतो ते समजून घेत.

मी पिंजऱ्यातून उतरणार, तेवढ्यात न्यायाधीशांनी विचारलं, "कमिशनर, आणखी काही सांगायचं आहे?"

ते बहुधा सवयीने विचारलं असावं. पण मी थांबलो. म्हणालो, कवळी झडतीत मिळाली नाही. नोटिशीप्रमाणे बाईंनी ती आपण होऊन आणून दिली. मी तसं लिहिलंही होतं, मग खोडलं.

"का खोडलं?"

वकिलाचं नाव घेता आलं असतं. तेही मी केलं नाही. "चूक झाली," म्हणालो. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं, ते मला फ्रीज उघडल्यावर वाटलं होतं तेच होतं. त्यांनी ते टिपून घेतलं आणि त्यापुढे मला कमिशनरचं काम दिलं नाही. योग्यच केलं.

मृत्युपत्र खरं ठरलं. घर मावशीच्या नावे झालं. ताबा मिळाला त्या दिवशी मी गेलो नाही. तिने काही महिन्यांत घर भाड्याने दिलं आणि ती उमरीला भावाकडे गेली, असं तिच्या वकिलाकडून कळलं. माझ्याबद्दल ती काही म्हणाली का, हे मी विचारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात लातूरला एका लग्नाला गेलो होतो. मंगल कार्यालयाच्या दारात कुणीतरी माझा हात पकडला. तोच भाचा. नवरदेव त्याच्याच नात्यातला निघाला. आता पोट सुटलेलं, कपाळाला गंध.

"वकीलसाहेब! वळखलं का न्हाई? चला, जेवल्याबिगर जाऊ देणार न्हाई."

पोरीकडच्या पाहुण्यांशी त्याने माझी ओळख करून दिली. "आमच्या आत्याच्या टायमाला लई मदत केली साहेबांनी. आत्याचं शेवटपातुर समदं आम्हीच केलं, पर कोर्टात न्याय हाय कुठं?" पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्याची बायको वाढायला आली, नमस्कार केला आणि माझ्या ताटात दोन गुलाबजाम घातले.

ती कणीक ढवळणारा हात मला दिसत होता. बोलायला तोंड उघडलं असतं तर तिथेच सांगितलं असतं की तुम्ही शेवटपर्यंत काय केलंत. पण भोवती लग्न होतं, पाहुणे होते, बँड वाजत होता. मी खाली मान घालून दोन्ही गुलाबजाम खाल्ले, पाणी प्यालो, आणि "छान झालंय," असं म्हणालो.