कोळशात सापडलेलं पान

धर्मपालभाऊ अकोल्याजवळच्या एका वीज केंद्रात एकोणतीस वर्षं कोळशाचे नमुने काढतात. कोळसा फोडायचा, ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. ठेवलेला अर्धा प्रयोगशाळेत येतो. तो जाळून किती राख उरते, ते मी मोजते; राख जितकी जास्त, तितका त्यात दगड जास्त.

निवृत्तीला अकरा दिवस असताना त्यांच्या हातोडीखाली दगडाची एक काळी चीप डबीसारखी उघडली. दोन्ही तुकड्यांवर एकाच पानाचा ठसा होता. जिभेसारखं लांबट पान, शिरांसकट.

"हे घरी न्याचं हाय," ते म्हणाले. "घरची मानतच नाही. कोळसा झाडाचा असंल तर खाणीत काहून भेटते म्हणते. तिचा कोळसा चुलीतून निघते."

घरची म्हणजे केशरबाई. भाऊंचे काळे कपडे तिनं एकोणतीस वर्षं धुतले आणि मत बदललं नाही. भाऊंनी तिला बरंच सांगितलं होतं: कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदल होती, झाडं पाण्यात पडली, हवा मिळेना म्हणून पुरती कुजली नाहीत. वर गाळ साचत गेला, आणि दाबानं, उष्णतेनं त्यांचा कोळसा झाला. मधल्या चिखलाचा दगड झाला. ती म्हणे, "पाह्यलं कोणं?"

फाटकावर गजेंद्र पहारेकरी होता. "भाऊ, कोळसा बाहेर जात नाही."

"दगड हाय बे."

"काळा हाय ना? राखेचा रिपोर्ट आणा. नाहीतर मले चोरी लिहा लागते."

चोरी लिहिली तर निवृत्तीचे कागद अडकणार. आणि रिपोर्टसाठी दगडाचं पीठ करावं लागणार.

मी म्हटलं, "एक कोपरा फोडू."

"कोपऱ्याचा नमुना?" भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, दीड वर्ष काय शिकवलं तुमाले? कोपरा साऱ्या ढिगाचं सांगत नाही."

मग त्यांनी दोन्ही तुकडे समोरासमोर मांडले. एक उचलून स्वतः चक्कीत टाकला.

राख चौऱ्याऐंशी टक्के निघाली. दगडच.

गजेंद्रनं रिपोर्ट दोनदा वाचला. "अन् हा दुसरा अर्धा?"

"तो टाकलेला हाय."

गेटपासवर लिहिलं गेलं: टाकाऊ दगड, नग एक.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय म्हणाल्या केशरबाई?"

"पान हाय म्हणे, कबूल. पण हा तर दगड हाय, कोळसा कुठी हाय?"

"रिपोर्ट दाखवायचा ना."

"तोच दाखवला. त्याच्यात दगडच लिहेल हाय," भाऊ म्हणाले, आणि नवा ढीग चार भागांत पाडायला लागले.