पडलेला पदर

आर्ट गॅलरीच्या मधोमध एक कलाकार मुलगी साडी नेसून निश्चल उभी होती. खांद्यावरचा पदर तिने जमिनीवर सोडला होता. प्रयोग एवढाच. पुरुष लांबून गंभीरपणे पाहत होते. माझ्या शेजारच्या मावशींना मात्र राहवेना. त्या पुढे झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, पदर पडलाय."

"माहितेय, मावशी."

तरी त्यांनी तो उचलून तिच्या खांद्यावर ठेवला. तिने हसून पुन्हा सोडला.

लग्नकार्यात आपण बायका अनोळखी बाईचीही ब्लाउजबाहेर आलेली पट्टी न विचारता आत सरकवतो. त्यात माया असते, पहाराही असतो. मी आजूबाजूला पाहिलं. पदर तिचा पडला होता आणि आम्ही साऱ्याजणी आपापले पदर, ओढण्या सावरत होतो.