जयगावमधला य

माझ्या सासऱ्यांची बुटांची कंपनी होती, असं मी सांगते तेव्हा लोकांना काहीतरी भव्य वाटतं. कंपनी म्हणजे जळगावजवळ पिंप्राळ्यातल्या घरामागची पत्र्याची शेड, दोन कारागीर, रबराचे तळ काढायचा एक प्रेस आणि वरचं कॅनव्हास शिवायच्या मशीनवर मी. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. ऐंशीच्या दशकात ते थोरल्या भावाच्या केळीच्या वखारीतून भांडून उठले. जाताना म्हणाले, "पुन्हा ही पायरी चढणार नाही."

भाऊ म्हणाला, "चढशील. आणि अनवाणी चढशील."

म्हणून बूट. खेळाचे, पांढरे. धुळ्यातली माझी जुनी शाळा स्पर्धांसाठी सगळ्या मुलांना आमचेच बूट घ्यायला तयार झाली. ते गेले तर कंपनी उभी, परत आले तर नाना वखारीत, एवढा साधा मामला होता.

बुटाला नाव हवं होतं. नानांनी ठरवलं: चपळ. तळाचा साचा नावासकट मुंबईला खोदून घ्यायचा होता, म्हणून आम्ही फोनच्या बूथवर गेलो. नानांच्या तोंडात ळ नव्हताच. केळी म्हणजे केयी, डोळे म्हणजे डोये. मीही खानदेशातलीच, त्यामुळे कानाला काही खटकलं नाही. रिसीव्हर मात्र असा खणखणीत होता की पलीकडचा माणूस मलाही ऐकू येत होता.

"नाव लिहा. चपय."

"शेवटी य का हो?"

"हां, य! आपला नेहमीचा य. जयगावमधला य!"

"जय-मधला य. बरोबर?"

"एकदम बरोबर!" नाना खूश झाले. मुंबईची माणसं किती काळजीने विचारून घेतात, असं परतताना वाटभर सांगत होते.

साचा आला, पहिला तळ निघाला. कारागिरांनी वाचला, नानांनी वाचला, कुणालाच काही वावगं दिसलं नाही. मी हातात घेतला.

"नाना, इथे चपय लिहिलंय."

"मग? चपयच सांगितलं होतं."

"अहो, ळ हवा."

"तोच तर आहे!" त्यांनी य-वर बोट ठेवलं.

शेवटी मी खडूने फरशीवर ळ काढला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, तळाकडे पाहिलं आणि मटकन खोक्यावर बसले. नवा साचा येईपर्यंत स्पर्धा उरकल्या असत्या. मी म्हटलं, बसून काय होणार? आहेत तसेच बूट बनवू आणि धुळ्याला नेऊ. बनवले, पोत्यांत भरले, एसटीच्या टपावर टाकले.

शाळेत खेळ शिकवणारे सर मराठीही शिकवत, हे आमचं दुर्दैव. बैलाचे दात बघावेत तसा त्यांनी बूट आधी उलटाच केला.

"काय गं, सासरी जाऊन ळ हरवून आलीस?"

"सर, तळाला आहे तो. पायाखालचं कोण वाचतं?"

"मी वाचतो. माझ्या मुलांच्या पायाखाली अशुद्ध मराठी चालणार नाही. परत ने."

नाना पोत्याशेजारी उभे होते. अजिजीने म्हणाले, "सर, एकदा घालून तर पाहा. बूट काही बोलत नाही, नुसता पयतो."

सरांनी डोळेच मिटले. मग तो बूट उचलून तडक सातवीच्या वर्गात गेले, चूक कशी दिसते ते मुलांना दाखवायला. आम्ही दारात थांबलो. त्यांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, 'चपय'वर फुली मारली आणि दुसऱ्यावर छडी ठेवली.

"हा शुद्ध शब्द. वाचा."

"चपय!" वर्ग ओरडला.

"नीट बघा. शेवटचं अक्षर. जीभ वर वळवा."

"चपय!"

"ळ! ळ! ळ!"

"य! य! य!" मुलांना आता मजा येऊ लागली होती.

नाना माझ्या कानाशी म्हणाले, "बरोबर तं वाची राह्यले पोरं."

सरांनी छडी टेबलावर ठेवली. "किती वर्षं शिकवतोय मी इथे," असं काहीतरी पुटपुटले. मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, "ठेवा ती पोती. पण पाहुण्यांसमोर कुणी तंगडी वर करायची नाही."

तंगड्या अर्थात वर झाल्याच. लांब उडीत दुसरं काय होणार? तरी शाळेने पुढच्या वर्षीही बूट घेतले आणि हळूहळू दुकानदारही मागू लागले.

मग मी शहाणपणा केला. नानांच्या मागे लागून शुद्ध ळ असलेला नवा साचा करवला. पहिलाच माल साक्रीकडच्या एका दुकानदाराने स्वतः सगळाच्या सगळा टेम्पोत घालून परत आणला. तळ माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "अक्का, हाऊ माल तुमना नही. डुप्लिकेट शे. बठ्ठा परत ल्या."

नानांना इतकं हसू आलं की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्याच दुपारी जुना साचा प्रेसवर चढला आणि नव्वदनंतर मोठ्या कंपन्यांचे रंगीत बूट गावोगाव पोहोचेपर्यंत उतरला नाही. शेड बंद झाली तेव्हा नाना म्हातारे झाले होते, आणि वखारीत जायची त्यांना गरज उरली नव्हती. ळ-चा साचा मी मागच्या दाराला टेकण म्हणून लावला. वजनाला चांगला आहे, दार वाऱ्याने आपटत नाही.