दोन्हीकडची मुंडकी

शिवाजी पेठेत कुणाचा वाढदिवस आला, कुणाची कुठं निवड झाली, कुणी नवी गाडी घेतली, की माणसं कृष्णातच्या दारात हजर. घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक खुर्ची आणि खुर्चीत कृष्णात. फ्लेक्सवर मुंडकी लावणं हा त्याचा धंदा. गिऱ्हाइकासमोर तो 'फोटो' म्हणायचा, पण मनातनं ती मुंडकीच. कुणाचं टक्कल झाकायचं, कुणाला गॉगल चढवायचा, कुणाच्या शेजारी कुणाला अजिबात बसवायचं नाही, हे त्याला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता यायचं. त्याच्या फ्लेक्सवरनं आजवर कुणी कुणाची कॉलर धरली नव्हती.

आणि अशा माणसाच्या घरात काय? तर आई आणि सासरा एकमेकांशी बोलत नाहीत! लग्नात सासऱ्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे गुंडूतात्यांना, फेटा बांधायचा राहिला. झालं! तेव्हापासनं मुरगूडचे बाबासो आणि कृष्णातची आई आक्का यांची तोंडं दोन दिशांना. आता लेकीचा, प्रियदर्शनीचा, पहिला वाढदिवस आला होता. कृष्णातनं ठरवलं, दोन्हीकडची झाडून सगळी मुंडकी एकाच फ्लेक्सवर घ्यायची, तात्यांना झोकात फेटा चढवायचा आणि ही कटकट एकदाची मिटवायची. त्यात एक जरी मुंडकं राहिलं असतं, तरी दोन घरांचं जन्मात जमलं नसतं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बाबासो मुरगूडहून आले आणि दुकानातच बसले. आतल्या दाराला टेकून आक्का बसली. मध्ये लेकीचा फोटो, डावीकडं आक्काची माणसं, उजवीकडं बाबासोंची, असा फ्लेक्स भरत आला. शेवटी कृष्णातनं गुंडूतात्यांना आणून ठेवलं आणि भप्पकन पडदा निळा! कॉम्प्युटर बंद पडून आपला आपण परत सुरू झाला. पुन्हा तात्या ठेवले, पुन्हा निळा.

"कृष्णात, सांग त्यास्नी," आक्का भिंतीकडं बघत म्हणाली, "मशीनलाबी तात्या सोसंना झाल्यात."

बाबासोंच्या मिशा थरथरल्या. कृष्णातनं घाईघाईनं तात्यांना आधी बसवलं आणि आक्काची बहीण शेवटाला ठेवली. निळा!

"जावईबापू, सांगा त्यास्नी," बाबासो म्हणाले, "मावशीचंबी वजन काय कमी न्हाय."

बाबासोंची उभी हयात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या. "बिघाड घावत नसला की निम्मं सोडायचं आणि निम्मं चालू करून बघायचं. आधी त्यांची माणसं काढा."

"का म्हणून?" आक्का उसळली. "त्यांचीच काढ!"

"कुणाचीबी काढा," कृष्णातची बायको राजनंदिनी पोरीला कडेवर घेऊन आतनं ओरडली, "माझ्या लेकीला तेवढं मधनं हलवू नका."

कृष्णातनं आक्काची माणसं काढली. कॉम्प्युटर गप चालला. बाबासोंनी मिशीवर ताव दिला. मग बाबासोंची काढून आक्काची घेतली. तरी गप चालला! आता आक्कानं पदर सावरला. दोन्हीकडची एकत्र घेतली मात्र, पडदा निळाशार.

राजनंदिनीला हसू आवरेना. "बघा की, दोनी घरं एकत्र आली की कायतरी फुटतंयच. मशीनलासुदिक कळलं!"

हसू कृष्णातलाही आलं, पण त्याच्या डोक्यात उजेडही पडला. बिघाड कुठल्या मुंडक्यात नाही, तर ओझ्यात आहे! त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला. काम करताना कॉम्प्युटर सगळा पसारा ज्यांच्यावर मांडतो, त्या रॅमच्या दोन पट्ट्या आत होत्या. एक काढून दुसरीवर चालवलं, तर निम्मी मुंडकी व्यवस्थित. तिच्या जागी पहिली बसवली, तर चार मुंडक्यांतच निळा. घावला चोर! त्या पट्टीची टोकं त्यानं खोडरबरनं घासली, आक्कानं फुंकर मारली, बाबासोंनी ग्रीस लावायचा सल्ला दिला, पण पट्टी काही सुधरेना. नवी मिळणार दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, आणि एका पट्टीवर दोन्ही घरं मावेनात.

मग कृष्णातनं शक्कल काढली. दोन्ही बाजू वेगवेगळ्या करायच्या, छापून आणायच्या आणि दोरीनं एकाला एक जोडायच्या. एक मुंडकं गाळायला नको! त्यानं तसेच दोन भाग छपाईला पाठवले.

सकाळी दारावर जोडफ्लेक्स चढला. तात्यांचा फेटा काय शोभत होता! कृष्णात शिडीवरनं उतरला तेवढ्यात शेजारच्या शालूबाई वाढदिवसाचा फ्रॉक घेऊन आल्या. वर बघून थबकल्या, उलट्या पावली घरी गेल्या आणि अजून एक फ्रॉक घेऊन आल्या.

"जुळ्या हायत हे बोलला न्हाईस कधी," त्या म्हणाल्या. "दुसरी कुठं हाय रं?"

कृष्णातनं वर बघितलं आणि त्याला घामच फुटला. मधली पोरगी दोन्ही भागांत तशीच राहिली होती. तोच फ्रॉक, तेच बोळकं, दोन प्रियदर्शनी शेजारी शेजारी.

गलका ऐकून बाबासो बाहेर आले, मागनं आक्का. दोघांनी फ्लेक्स वाचला. मग एकमेकांकडं बघितलं.

"इनबाई," बाबासो म्हणाले, "तुमचं पोरगं येडं हाय की वो!"

"मग काय सांगायचं, पावणं!" आक्कानं कपाळाला हात लावला. "न्हानपणापासनं असंच हाय. तुमी तरी नीट बघून पोरगी द्यायची न्हवं?"

"आमी काय बघणार! आमाला वाटलं, हुशार हाय."

"हुशार! बसा हितं, सांगते एकेक."

आणि दोघं कट्ट्यावर बसून कृष्णातला आळीपाळीनं झोडपायला लागले. तो मान खाली घालून उभा होता, पण मनातनं नुसता नाचत होता. मध्येच दोघं बोलायचे थांबले, तसा तो पुढं सरकला.

"मामा, आक्का," तो घाईनं म्हणाला, "अजून एक चूक हाय. दावू?"